जॅक कुठे लावायचा आणि स्टँड कुठे: मस्टँगला जॅकिंग रेल बसवताना

गाडी उचलायची म्हटलं की बोलणं जॅकपासून सुरू होतं. जॅक किती टनाचा, किती खाली बसतो, किती वर जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न जागेचा असतो आणि तो बहुतेकांना पहिल्यांदा गाडीखाली वाकल्यावरच पडतो. आजकालच्या मोटारींना वेगळी चॅसी नसते. पत्र्यांची जोडलेली पेटी हीच चॅसी. दारांखालच्या उंबरठ्याचे आतले आणि बाहेरचे पत्रे खाली एकत्र येतात तिथे ते स्पॉट वेल्डिंगने एकमेकांना जोडतात आणि कड तशीच खाली सोडून देतात. सारण भरल्यावर करंजीची कड दाबून बंद करतात तशी ही कड. तिला पिंच वेल्ड म्हणतात. स्क्रू-जॅकसाठी कंपनीने ठरवून दिलेल्या चार जागा बहुधा याच कडेवर असतात, प्रत्येक चाकाजवळ एक.

इथेच अडचण आहे. जॅक त्या जागेवर लावला की जागा भरली. आता स्टँड, म्हणजे उचललेली गाडी वर धरून ठेवणारा पोलादी आधार, कुठे ठेवायचा? त्यालाही तीच जागा हवी, कारण मजबुतीचा पत्रा तिथेच आहे. चार इंच पुढेमागे सरकलं तर खाली नुसता पातळ पत्रा. चाक बदलण्यापुरतं जॅकवर भागतं, पण गाडीखाली शिरून काम करायचं असेल तर भागत नाही.

माझी गाडी २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मी ती वापरलेली घेतली. आम्ही मिशिगनमध्ये राहतो आणि ही गाडी जिथे तयार झाली तो फ्लॅट रॉकचा कारखाना आमच्या घरापासून तासाभराच्याही आत आहे. गाडी घेताना इंजिन, ब्रेक, टायर सगळं पाहिलं होतं आणि उंबरठ्याखाली टॉर्च मारून पिंच वेल्डही पाहिली होती. डावीकडची मागची कड आत वाकलेली होती. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा टायरवाल्याने जॅक तिरका लावला असणार. रंगाचे पापुद्रे उडाले होते आणि खाली तांबूस गंज धरायला लागला होता.

मिशिगनमध्ये हा गंज फार गांभीर्याने घ्यावा लागतो. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि मिठाला इथे तोटा नाही: डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. नोव्हेंबर ते मार्च गाडीचं पोट खारट चिखलात भिजत असतं. पिंच वेल्डचा रंग एकदा तडकला की मीठ दोन पत्र्यांच्या फटीत शिरतं आणि मग गंज आतून पसरतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून वाकलेली कड मी केवळ दिसण्याचा दोष मानत नाही. गाडीचं आयुष्य त्या कडेशी बांधलेलं आहे.

कड वाकते कशी, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. उभ्या भाराला पिंच वेल्ड चांगलीच दणकट असते. दोन-तीन पत्रे एकत्र, त्यात ती उभी, त्यामुळे खालून सरळ वर दाबलं तर ती सहज तग धरते. आडव्या जोराला मात्र ती कच्ची आहे. आणि आपला चाकांचा हायड्रॉलिक जॅक नेमका आडवा जोर देतो. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. वर जाताना जॅकचं डोकं काही इंच मागेही सरकतं. जॅकची चाकं मोकळी असतील तर अख्खा जॅक तेवढा गाडीखाली सरकून घेतो आणि काही बिघडत नाही. पण फरशीवर एक खडा असला, भेग असली किंवा जॅक मातीत रुतला असला, तर जॅक जागेवर अडतो आणि डोकं त्या कडेला आडवं ओढत राहतं. मग कड वाकते, नाहीतर जॅकच्या डोक्यावरून निसटते. गाडी उचलण्याआधी मी गॅरेजची फरशी झाडून घेतो, ती याच कारणासाठी.

मला गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. या गाडीच्या एमटी-८२ गिअरबॉक्सला तेल भरायचं बूच बाजूला असतं. त्या भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की भरलं, असा त्याचा हिशेब. म्हणजे गाडी आडव्या पातळीत असायलाच हवी. नाक वर असेल तर पातळी चुकते. पुढची चाकं चढवायचे रॅम्प त्यामुळे बाद झाले. चारी चाकं हवेत आणि गाडी सपाट, एवढीच एक वाट उरली.

चारी चाकं हवेत न्यायची रूढ पद्धत म्हणजे आधी पुढच्या सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनखालच्या पोलादी चौकटीच्या, मध्याखाली जॅक लावून नाक उचलायचं, दोन्ही बाजूंच्या पिंच वेल्डखाली स्टँड ठेवायचे, मग मागे जाऊन तसंच करायचं. ही पद्धत चालते. पण मस्टँगचं नाक लांब आणि खाली आहे. जॅक एवढा आत घालायचा की दांडा हलवायला जागाच राहत नाही. शिवाय स्टँड शेवटी त्याच नाजूक कडेवर येतात, आणि आमच्या गाडीची एक कड आधीच दुखावलेली.

इथे जॅकिंग रेल कामाला येतात. ही पोलादी चौकोनी नळीची लांब पट्टी असते, पुढच्या चाकामागून मागच्या चाकापुढपर्यंत उंबरठ्याखाली जाणारी. तिला जागोजागी ब्रॅकेट वेल्ड केलेले असतात आणि ते पिंच वेल्डला बोल्टने आवळले जातात. एकदा बसवल्या की त्या कायमच्या गाडीवरच राहतात. यामुळे दोन गोष्टी होतात. जॅकचा भार एका बोटभर जागेवर न येता सगळ्या ब्रॅकेटमध्ये वाटला जातो. आणि दुसरी, माझ्या लेखी जास्त मोलाची: जॅकला आणि स्टँडला आपापली वेगळी जागा मिळते. जॅक मध्ये, स्टँड दोन टोकांना. एका झटक्यात गाडीची अख्खी बाजू वर.

रेल घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, निर्मात्याने रेलच्या मधोमध जॅक लावायला स्पष्ट परवानगी दिली आहे का. काही रेल फक्त दोन टोकांना धरलेल्या असतात आणि मध्ये भार दिला तर नळी वाकू शकते. दुसरी, उंबरठ्याच्या पोटात पाणी निघून जायला भोकं असतात, ती रेलने झाकली जाणार नाहीत ना. ती बुजली तर आत साचलेलं खारं पाणी बाहेर पडणारच नाही, आणि गंजापासून वाचायला बसवलेली वस्तूच गंज आणेल. तिसरी, रेल जमिनीच्या दिशेने किती खाली येते. माझी गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आहे, तिला फारसा फरक पडत नाही. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवलेल्यांनी हे माप टेपने घ्यावं, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर रेल घासेल.

बसवायला गाडी उचलावी लागली नाही. गॅरेजच्या फरशीवर जाड फळ्या एकावर एक ठेवल्या आणि गाडी हळू चालवत चारी चाकं त्यांवर घेतली. तेवढ्या उंचीत बाजूने आडवं पडून हात आरामात पोहोचतो. पिंच वेल्ड गाडीच्या काठावरच असल्यामुळे पोटाखाली शिरायची गरजच नसते.

जास्त वेळ वाकलेल्या कडेने घेतला, आणि घ्यायलाच हवा होता. हातोडी अजिबात लावली नाही, कारण ठोकल्याने स्पॉट वेल्ड सुटू शकतात. कडेच्या दोन्ही अंगांना सपाट पोलादी पट्ट्या लावून त्यांवर क्लॅम्प आवळत गेलो. थोडं आवळायचं, सोडायचं, बघायचं, सरकायचं. कड पूर्वीसारखी सरळ रेषेत आली. मग भिंग घेऊन स्पॉट वेल्डचे सगळे ठिपके पाहिले. पत्रे कुठे फाकलेले नव्हते. फाकलेले असते तर काम तिथेच थांबवून बॉडी शॉपला नेलं असतं. फाकलेल्या पत्र्याला रेल लावण्यात काहीच अर्थ नाही. त्यानंतर तारेच्या ब्रशने गंज काढला, गंजरोधक लावला, झिंक प्रायमर, रंग, आणि फटीत सीलर. प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये हवा गार होते आणि रंग वाळायला डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त वेळ लागतो.

रेल बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावले, एकही आवळला नाही. सगळे ब्रॅकेट आपापल्या जागी आले, रेल उंबरठ्याला समांतर दिसली, मग मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळत गेलो. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना निळं लॉकिंग लिक्विड. ब्रॅकेट आणि रंगवलेली कड यांच्यामध्ये मेणासारखा गंजरोधक थर. रेल कडेला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर उचलताना सगळा भार बोल्टांवर येतो, आणि बोल्टांचं काम रेल जागेवर धरून ठेवण्याचं आहे, गाडी तोलण्याचं नाही.

आता आकडे. कंपनीच्या माहितीप्रमाणे मस्टँग जीटीचं वजन साधारण ३७०० पौंड, म्हणजे १६८० किलोच्या आसपास. एका बाजूला त्याचं निम्मं, सुमारे ८४० किलो. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या चाकांवर थोडा जास्त भार असतो, शंभरातले ५३-५४ हिस्से. व्हीलबेस १०७ इंच. यावरून हिशेब केला तर बाजूचा तोलबिंदू दोन चाकांच्या बरोबर मध्यापासून तीन-चार इंच पुढे येतो. जॅक तिथे लावला की पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ एकाच वेळी जमीन सोडतं. मागे लावला तर नाक खालीच राहतं आणि गाडी जॅकभोवती फिरायला बघते. मी रेलवर त्या ठिकाणी पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली आहे.

स्टँडबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जीव त्यांच्यावर असतो. खोक्यावर ‘३ टन’ लिहिलेलं असतं. हे पुष्कळदा जोडीने मिळून पेलायचं वजन असतं, एका स्टँडने नाही. शिवाय अमेरिकेतला टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. जोडीला ३ टन म्हणजे एका स्टँडला साधारण १३६० किलो. माझ्या गाडीच्या पुढच्या एका स्टँडवर साडेचारशे किलोच्या आसपास येतात. म्हणजे तिपटीचा पल्ला आहे. तो मला हवा असतो, कारण गाडीखाली पडून पाना ओढताना नुसतं वजन नसतं, हिसकेही असतात.

स्टँड मुख्यतः दोन प्रकारचे. एकात दातेरी दांडा आणि खटका असतो, दांडा वर ओढला की खटका दातात बसतो. दुसऱ्यात दांड्याला भोकं असतात आणि आरपार जाडजूड पिन घालावी लागते. २०२० साली इथल्या अवजारांच्या एका मोठ्या दुकानसाखळीने आपले ३ टनी आणि ६ टनी खटक्याचे स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले होते. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खटका दातात पुरेसा आत बसत नव्हता आणि भाराखाली दांडा घसरू शकत होता. त्याच वर्षी बदली म्हणून दिलेल्या ३ टनी स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. तेव्हापासून मी पिन असलेलेच स्टँड घेतो. माझ्या स्टँडमध्ये खटकाही आहे आणि वरून आडवी पिनही जाते. खटका सुटला तरी पिन दांडा अडवते. नवे स्टँड आणले की आधी वेल्डिंग बघतो, चारी पाय फरशीवर एकसारखे टेकतात का ते बघतो, मग भाराखाली ठेवून बाजूला उभा राहून बघतो. त्यानंतरच त्यांच्यावर भरवसा.

स्टँडचं डोकंही बघावं लागतं. बाजारातल्या बहुतेक स्टँडचं डोकं खोलगट असतं, कारण ते मूळचं गोल ॲक्सलसाठी घडवलेलं आहे. अशा खोलगट डोक्याच्या दोन काठांवर पिंच वेल्ड टेकवली तर ती हमखास चेपते. चौकोनी रेल मात्र सपाट रबरी पॅडवर छान बसते, आणि हा रेलचा आणखी एक फायदा आहे जो विकणारे फारसे सांगत नाहीत.

प्रत्यक्ष उचलणं. गॅरेजची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून दरवाजाकडे किंचित उतरती असते, त्यामुळे गाडी उताराला आडवी उभी करता येत नसेल तर ठोकळ्यांवर जास्त भर द्यावा लागतो. मी गाडी आत घेतली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि गिअरसुद्धा मागच्याच चाकांना धरतो. म्हणून ज्या बाजूची चाकं जमिनीवर राहणार त्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून रबरी ठोकळे लावले. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. हे नट १५० फूट-पौंडांना (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळलेले असतात. हवेत असलेल्या गाडीवर एवढा जोर लावून ते सोडवणं म्हणजे गाडी स्टँडवरून ढकलण्यासारखंच.

मुलगी मदतीला होती. ती गाडी चालवायला शिकतेय, आणि जिला चालवायची आहे तिला ती उचलताही यावी असं मला मनापासून वाटतं. तिने विचारलं, “बाबा, जॅक तीन टन उचलतो ना? मग परत स्टँड कशाला?” मी तिला जॅकचा झडपेचा स्क्रू दाखवला. गाडी वर धरून ठेवणारं जे काही आहे ते आत कोंडलेलं थोडंसं तेल आहे, आणि त्या तेलाला अडवणारी एक छोटी रबरी रिंग. रिंग झिजली, झडपेत कचरा अडकला, कुणाचा पाय दांड्याला लागला, की गाडी खाली. स्टँडमध्ये पोलादावर पोलाद टेकलेलं असतं. जॅक उचलायला, स्टँड धरायला. तिने मान हलवली आणि दांडा हातात घेतला.

डाव्या बाजूला खुणेवर जॅक लावला. रेलला टेकेपर्यंत हळू, मग थांबून चहूबाजूंनी बघितलं की डोकं रेलच्या मधोमध आहे ना. मग दांडा. सुरुवातीला फक्त बॉडी वर येते, चाकं जमिनीवरच राहतात, कारण सस्पेन्शन लांब होत असतं. मग मागचं चाक सुटलं आणि त्याच्या पाठोपाठ पुढचं. जॅक गाडीखाली तसूतसू सरकताना स्पष्ट दिसत होता. रेलकडे मी कान आणि डोळे दोन्ही लावून होतो. करकर नाही, वाक नाही.

इथे घाई करणाऱ्यांना धोका आहे. एक बाजू एकदम पूर्ण उंचीवर नेली तर गाडी बरीच कलंडते. नंतर दुसरी बाजू उचलताना पहिल्या बाजूच्या स्टँडवर गाडी सरळ होत जाते आणि स्टँडच्या डोक्याला आडवी ढकलते. एखादा पाय उचललाही जाऊ शकतो. म्हणून पायरीपायरीने जायचं. डावी बाजू स्टँडच्या सर्वांत खालच्या खाचेपर्यंत (माझ्या स्टँडची किमान उंची एका फुटाच्या आतबाहेर आहे), दोन्ही टोकांना स्टँड, जॅक हळू खाली, गाडी स्टँडवर. मग उजवी बाजू तेवढीच. आता चारी चाकं हवेत आणि गाडी सपाट. परत डावीकडे येऊन एक खाच वर, मग उजवीकडे एक खाच. प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूचे स्टँड वाकून बघायचे: पाय चारी टेकलेत, डोकं रेलच्या मध्यावर आहे, पिन आरपार आहे. उजवी बाजू पहिल्यांदा उचलली तेव्हा डावीकडचा पुढचा स्टँड खरंच किंचित सरकला होता. जॅकने भार काढून तो परत सरळ करून घेतला. हे होणारच असतं, बघायला मात्र हवं.

शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर मोटार कारखान्यात काम केलेले. त्यांनी मला शिकवलेली एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. गाडी स्टँडवर आली की खाली शिरण्याआधी तिला हाताने चांगली ढकलून बघायची, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. पडायची असेल तर तू बाहेर असताना पडू दे, असं ते म्हणतात. मी ढकलली. गाडी जागची हलली नाही. रूढ पद्धतीत पिंच वेल्डवर स्टँड ठेवले की या ढकलण्यात एक बारीकशी कुरकुर ऐकू येते, रबर आणि पत्रा एकमेकांवर घासल्याची. ती या वेळी नव्हती. त्यानंतर काढलेली चाकं आडवी करून उंबरठ्याखाली दोन्ही बाजूंना सरकवून ठेवली आणि जॅक रेलला नुसता टेकलेला राहू दिला. गाडीची किल्ली घरात, भिंतीवरच्या खुंटीला. मी खाली असेपर्यंत मुलगी गॅरेजमध्येच बसणार हे आधीच ठरलं होतं.

गिअरबॉक्सचं तेल हे मग सरळ काम राहतं. आधी वरचं भरायचं बूच सोडवून बघायचं, मगच खालचं काढायचं. वरचं निघालंच नाही तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. जुनं तेल काळपट निघालं, बुचाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तुकडे नव्हते. गाडीच्या दारातल्या पट्टीवर पातळीमापक ठेवून खात्री करून घेतली होती. नवं तेल हातपंपाने भोकाच्या काठावरून ठिबकायला लागेपर्यंत भरलं आणि बूच आवळलं. जाताजाता मागचे ब्रेक पॅडही पाहून झाले, कारण चाकं काढलेलीच होती.

खाली आणणं हेही उचलण्याइतकंच जपून. मी खाली काही राहिलंय का ते मोठ्याने म्हणत बघतो: पाना, बूच, चिंधी, माणूस. मग जॅकने बाजू अर्धा इंच वर, स्टँड मोकळे, पिन काढून एक खाच खाली, पुन्हा भार. उलट्या पायऱ्यांनी. झडपेचा स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. जमिनीवर आल्यावर गाडी थोडी उंच उभी दिसते, कारण लोंबलेली चाकं आत ओढलेल्या स्थितीत टेकतात आणि टायर फरशीला धरून ठेवतात. गाडी पुढेमागे थोडी चालवली की सस्पेन्शन जागेवर बसतं. चाकांचे नट ताऱ्याच्या क्रमाने १५० फूट-पौंडांना आवळले.

पुण्यातल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर हे सगळं पाहिलं आणि विचारलं, “दादा, आमच्या गाडीला मिळतील का रे अशा रेल?” त्याची साधी हॅचबॅक आहे. तिच्यासाठी रेल शोधत बसू नकोस, असं मी त्याला सांगितलं. रेल ठराविक गाडीच्या पिंच वेल्डच्या मापावर बनलेल्या असतात आणि मस्टँगसारख्या हौशी लोकांच्या गाड्यांसाठीच बहुतेक तयार होतात. दुसऱ्या गाडीच्या रेल कापून जोडून वेल्ड करणं तर मुळीच नको. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याचा आतला गंजरोधक थर जळतो. त्याला मी तीन वस्तू घ्यायला सांगितल्या: मधोमध खाच असलेला रबरी पॅड, म्हणजे पिंच वेल्ड खाचेत बसते आणि भार दोन्ही अंगांच्या पत्र्यावर जातो, पिन असलेल्या स्टँडची जोडी, आणि चाकांचे ठोकळे. आणि गाडीच्या मॅन्युअलमधलं जॅकच्या जागांचं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला.

त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सिमेंटचे पोकळ ब्लॉक पडलेले होते. “हे चालतील ना स्टँडऐवजी?” म्हणाला. नाही. पोकळ ब्लॉक भिंतीत पसरट भार सोसतो, पण एका टोकदार जागी भार आला की आधी इशारा न देता फुटतो. वीट तशीच, दगडही तसाच. आपल्याकडे रस्त्याकडेला ट्रकच्या खाली दगड लावून माणसं काम करताना मी लहानपणापासून पाहिलंय, आणि ते बघून सवय झाली म्हणून ते सुरक्षित होत नाही. एसटीच्या डेपोत कामाला खड्डे केलेले असतात ते शहाणपणाचे आहेत; गाडी चाकांवरच उभी राहते आणि माणूस खाली उतरतो. डांबरावर काम करायचं झालं तर उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात, तेव्हा प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा, हेही त्याला सांगितलं.

रेल बसवल्यानंतर थोडी गाडी चालली की बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासायचे असतात. एक-दोन थोडे फिरले, बाकी जागच्या जागी होते. टायरच्या दुकानात गाडी नेली की मी आधी उतरून माणसाला रेल दाखवतो, कारण त्याची नजर जुन्या खुणांवर जाते. दोन खांबी लिफ्टचे हात रेलवर व्यवस्थित बसतात, त्याचंही काम सोपं होतं.

मार्चअखेर रस्त्यावरचं मीठ संपलं की गाडी धुताना पाण्याचा फवारा रेलच्या वरच्या बाजूने, ब्रॅकेटच्या मागून सोडतो. तिथे खारट गाळ अडकतो, हा रेलचा एकमेव तोटा मला जाणवला. पहिल्या हिवाळ्यानंतर नळीच्या टोकाजवळ, जिथे स्टँड टेकतो तिथे, रंगाला एक ओरखडा होता. तो घासून पुन्हा रंगवला. पिंच वेल्डवर मी केलेला रंग, अगदी त्या वाकलेल्या कडेवरचासुद्धा, तसाच शाबूत आहे. आता मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, तेल बदलायचं आहे, तेही गाडी सपाट ठेवूनच. या वेळी डावी बाजू मुलगी उचलणार आहे, मी उजवीकडचे स्टँड बघणार आहे.